दारावरची डहाळी

माझ्या आजोळी कुणाला कांजिण्या आल्या, की आजी पहिले काम एक करी. परसातल्या कडुलिंबाची डहाळी मोडून आणी आणि दाराच्या चौकटीला खोवून देई. डॉक्टरांना निरोप जाई तो त्याच्यानंतर. पुष्कळदा जातही नसे. त्या डहाळीचा अर्थ आळीतल्या लहानथोरांना ठाऊक होता. दूधवाला उंबऱ्याबाहेरूनच दूध घाली. शेजारची पोटुशी सून त्या अंगाने फिरकत नसे. खेळायला आलेली पोरे डहाळी पाहून वळत आणि दुसऱ्या दाराशी हाका घालीत. कुणी काही विचारीत नसे, कुणाला काही सांगावे लागत नसे, आणि मुख्य म्हणजे कुणाला लाज वाटत नसे. घरी देवी आली होती, पाहुणी आली होती. पाहुणीची लाज कसली?

आजीच्या समजुती खऱ्या नव्हत्या, हे मला ठाऊक आहे. घरात फोडणी द्यायची नाही, आजाऱ्याला आंघोळ घालायची नाही, औषध दिले तर देवी कोपते, हे सारे ती मनापासून मानी. माझ्या धाकट्या मामाचे फोड अस्वच्छतेने चिघळले आणि त्यांचे वण त्याच्या गालावर कायमचे राहिले. शिवाय जी खरी देवी, तिचा भारतातला शेवटचा रोगी १९७५ सालच्या मे महिन्यात सापडला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. तिला घालवली ती लशीने, डहाळीने नव्हे. कांजिण्या ही देवीची धाकटी बहीण मानली जाई. वस्तुतः दोघींचे विषाणू निराळ्या कुळांतले, नाते असे काहीच नाही.

तरीही ती डहाळी माझ्या मनातून जात नाही. कारण माझ्या दारावर ती लावण्याची वेळ आली, तेव्हा मी ती लावली नाही.

मी बालवर्गाची शिक्षिका. दहावीपलीकडे माझे शिक्षण नाही. कादंबऱ्या लिहिते त्याही मुलांच्या डबा खाण्याच्या सुटीत आणि रात्री भांडी आवरल्यावर. त्या वर्षी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात माझ्या वर्गाचे एक नाटुकले होते. जंगलातले प्राणी, पंधरा मिनिटांचा खेळ. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. तो माझ्याच वर्गात आणि त्यातला ससा. कापसाचे कान लावलेली टोपी मी तीन रात्री जागून शिवली होती.

संमेलनाच्या दिवशी सकाळी त्याला आंघोळ घालताना पोटावर दोन फोड दिसले. लालसर चट्ट्यावर पाण्याचा थेंब ठेवावा तसे. डॉक्टर मंडळी त्याला गुलाबाच्या पाकळीवरचे दव म्हणतात. मी ते ओळखले. आजोळी लहानपण गेलेल्या बाईला ते ओळखू येणार नाही असे नाही. पण माझ्या तोंडून शब्द निघाले ते असे : "डास चावलेत रे, खाजवू नकोस." मी त्याला पावडर लावली, वर बाहीचा सदरा चढवला आणि सशाला घेऊन शाळेत गेले. ससा छान नाचला. टाळ्या पडल्या. रात्री त्याला ताप भरला आणि सकाळपर्यंत पाठ, छाती, कपाळ फोडांनी भरून गेले.

पुढे पंधरा-सोळा दिवसांनी माझ्या वर्गातली सात मुले एकेक करून घरी बसली. त्यांत एक मुलगी होती, नाटकातली खार. तिच्या आईचे दिवस भरत आले होते. प्रसूतीच्या सुमारास आईलाच कांजिण्या झाल्या, तर जन्मणाऱ्या बाळाच्या जिवावर बेतू शकते. त्या घराने ते दिवस कसे काढले असतील, हे मी कादंबरीकार असूनही लिहू शकत नाही. सुदैवाने त्या माउलीला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या होत्या. तिला काही झाले नाही. मुलगा सुखरूप जन्मला. महिन्याभराने त्या मला रस्त्यात भेटल्या. बाळाचे झबले नीट करीत त्यांनी सहज विचारल्यासारखे विचारले, "बाई, तुम्हांला त्या दिवशी ठाऊक होतं का हो?"

मी म्हटले, "नाही हो."

रोग माझ्या मुलाच्या अंगावरून दहा दिवसांत ओसरला. ते दोन शब्द माझ्या अंगावरून अजून उतरलेले नाहीत.

आमच्या डॉक्टरांपाशी मी एकदा मन मोकळे केले. ते सज्जन आहेत. ते म्हणाले, "तुम्ही उगीच लावून घेता. कांजिण्या पुरळ दिसण्याच्या एकदोन दिवस आधीपासूनच दुसऱ्याला लागतात. श्वासातून, शिंकेतून, जवळ बसण्यातून. आदल्या दिवशी तालमीला मुले एकत्र होतीच ना? तुम्ही सशाला घरी ठेवला असता, तरी ती सात मुले आजारी पडलीच नसती असे कोण सांगेल?"

मला हायसे वाटले. घरी येईपर्यंत ते हायसे वाटणे विरून गेले. डॉक्टरांनी मला निर्दोष ठरवले ते परिणामाच्या हिशेबाने. पण त्या सकाळी माझ्या हातात परिणाम नव्हता. माझ्या हातात होते ते दोन फोड आणि एक शब्द. आदल्या दिवशी काय घडून गेले, हे मला तेव्हा माहीत नव्हते. मला जे माहीत होते त्यावरून मी काय केले, एवढाच माझ्यापुरता प्रश्न होता. नंतर कळलेल्या शास्त्राने आपल्या आधीच्या खोटेपणाला पांघरूण घालता येत नाही. एखाद्याने अंधारात दगड भिरकावला आणि तो कुणाला लागला नाही, तर त्याचे नशीब चांगले म्हणावे. माणूस चांगला कसा म्हणावा?

मग मी का लपवले? रोगाची मला लाज नव्हती. आजीच्या घरी ती कुणालाच नव्हती. मी लपवले, कारण सांगितले असते तर माझ्या मुलाला बाजूला बसवावे लागले असते. आपल्या माणसाला बाजूला बसवणे या गोष्टीची आपल्याला इतकी दहशत का असावी, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला.

त्याचे उत्तर मला मुलानेच दिले. आजारपणात त्याला आम्ही मागच्या खोलीत ठेवले होते. धाकटी भाची घरात होती, तिला त्या खोलीत मज्जाव. पाचव्या दिवशी तो मला म्हणाला, "आई, मी काय केलं? मला कुणी शिवत का नाही?"

त्या 'शिवत' शब्दाने मी चरकले. मराठीत हा शब्द साधा नाही. शिवाशिव, विटाळ, सोवळे या शब्दांची मोठी वस्ती त्याच्यामागे उभी आहे. ज्यांना कसलाही रोग नव्हता अशा माणसांना आम्ही शतकानुशतके गावाबाहेर ठेवले. पाणी वरून ओतले. आणि १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी माणसांना सत्याग्रह करावा लागला. ज्या समाजाने विनाकारण इतके अंतर पाळले, त्याला सकारण अंतर पाळायचे झाले, तरी ते पाळता येईनासे होते. एकतर तो रोग्याला अपराधी करून टाकतो, नाहीतर माझ्यासारखा घाबरून रोगच लपवतो. दोन्ही चुका एकाच मुळाच्या.

पुण्याने हे १८९७ साली पाहिले आहे. प्लेगची साथ होती. रोगी वेगळा काढावा, हा सरकारचा विचार शास्त्राला धरून होता. पण तो अमलात आला सोजिरांच्या बुटांनी. घरे उघडून, देवघरे तुडवून माणसे ओढून नेली गेली. मग लोकांनी रोगी माळ्यावर लपवले, यात नवल काय? त्याच साली, त्याच पुण्यात सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या, दवाखान्यात पोचवले. तेथे रोगी वेगळेच ठेवले जात होते. मात्र त्यांना उचलून आणणारे हात होते. त्या हातांना प्लेग लागला आणि १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या. दोन्हीकडे रोगी घरापासून दूर नेला गेला. पण एकीकडे त्याला दूर केले आणि दुसरीकडे दूर ठेवून जवळ घेतले.

आणि जुन्या गोष्टी कशाला? २०२० साली आपण सर्वांनीच ते अनुभवले. मुंबईहून आपल्याच गावी आलेल्या माणसांना वेशीवरून परतवणारी गावेही होती आणि शाळेच्या खोल्या झाडून, तिथे त्यांची सोय लावून, दोन्ही वेळचे डबे पोचवणारी गावेही होती. नियम दोन्हींकडे एकच, चौदा दिवसांचा. पण त्या चौदा दिवसांची आठवण मात्र माणसामाणसाची निराळी.

माझ्यापुरते मी यातून एवढे शिकले, की दुसऱ्या माणसाला दूर ठेवावे लागले तर स्वतःला तीन गोष्टी विचाराव्या. या अंतराला खरे कारण आहे का? ते संपण्याची मुदत आहे का? आणि पलीकडच्या माणसाकडे कोण जाणार आहे? कारण नसले तर तो जुलूम. मुदत नसली तर तो बहिष्कार. आणि पलीकडे जाणारा कुणी नसला तर कारण आणि मुदत असूनही ती टाकून देण्याचीच एक रीत.

कांजिण्यांचे बरे हे, की त्यांत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे स्वच्छ आहेत. कारण सांगितलेच. मुदत म्हणाल, तर सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत. बहुधा पुरळ उठल्यापासून पाच ते सात दिवस, कधी थोडे अधिक. फोड एकदम येत नाहीत, लाटालाटांनी येतात. म्हणून शेवटच्या फोडाचीही खपली वाळेपर्यंत धीर धरायचा. वाळलेल्या खपलीने रोग पसरत नाही. तेव्हा खपल्या पडून डाग जाईपर्यंत मुलाला कोंडून ठेवणे, हे निष्कारण अंतर झाले.

आणि पलीकडे कुणी जायचे? ज्याला हा रोग येऊन गेला आहे त्याने. एकदा आलेल्या कांजिण्या बहुधा पुन्हा येत नाहीत. मुलाने तो प्रश्न विचारला, तेव्हा सासूबाई दाराशीच होत्या. त्या आत आल्या, त्याच्या अंथरुणावर बसल्या आणि त्याचे डोके मांडीवर घेऊन म्हणाल्या, "मी शिवते ना! मला तुझ्याएवढी असतानाच झाल्या होत्या. आता तुझ्या त्या फोडांची काय बिशाद?" ज्याने एकदा सोसले आहे, त्यालाच निर्भयपणे जवळ जाता येते, ही निसर्गाची केवढी समंजस योजना! त्या दिवसापासून मागच्या खोलीत पत्त्यांचे डाव सुरू झाले आणि 'मला कुणी शिवत नाही' ही तक्रार संपली.

शुश्रूषा म्हणाल, तर ती साधीच असते. नखे कापून गुळगुळीत करायची, म्हणजे झोपेत खाजवले तरी फोड फुटून चिघळत नाहीत. सुती, सैल कपडे. आजीने वर्ज्य केलेली आंघोळ डॉक्टरांनी रोज सांगितली. कोमट पाण्याची, अंग न घासता, टॉवेलने टिपून घ्यायची. खाज शमायला कॅलामाइनचे गुलाबी औषध. तोंडात फोड असले तर मऊ भात, ताक, थंड पेज. पाणी मात्र भरपूर. तापाला डॉक्टरांनी वजनावर ठरवून दिलेले पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन मुलांना कदापि नाही. या रोगात त्याने मेंदूला आणि यकृताला घातक विकार होऊ शकतो. दम लागला, मूल गुंगीत जाऊ लागले, उलट्या थांबेनात, किंवा फोडाभोवतीची कातडी लाल, गरम होऊन पसरू लागली, तर घरगुती शहाणपण गुंडाळून तडक दवाखाना. गर्भार बाई, तान्हे मूल, आधीच मोठ्या दुखण्याने खंगलेला माणूस यांना संसर्ग झाल्याची नुसती शंका आली, तरी पुरळाची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. मोठ्या माणसालाही हा रोग जड जातो. त्याने पहिल्याच दिवशी दाखवावे, कारण विषाणूवरचे औषध लवकर सुरू केले तरच गुण देते.

या रोगावर लसही आहे. ती कशी निघाली, ही गोष्ट मला फार आवडते. मिचियाकी ताकाहाशी हे जपानी संशोधक १९६४ साली अमेरिकेत असताना त्यांच्या लहान मुलाला शेजारच्या मुलीबरोबर खेळून कांजिण्या झाल्या, आणि त्या इतक्या तीव्र की आईबाप रात्ररात्र उशाशी बसून राहिले. त्या जागरणातून त्यांच्या मनाने घेतले आणि १९७४ साली जपानात त्यांनी लस सिद्ध केली. मीही एका मुलाच्या उशाशी जागले होते. माझ्या हातून लस निघणे शक्य नव्हते. पण खरे बोलणे शक्य होते, आणि त्याला दहावीच्या वरचे शिक्षण लागत नाही.

गेल्या महिन्यात या लेखाचे पहिले पान लिहून झाले आणि मी थांबले. त्या खारीची आई दरवर्षी दिवाळी अंक घेतात. त्यांनी हे छापलेले वाचावे आणि मी त्यांना तोंडाने सांगितलेले नसावे, हे काही बरे नव्हे. मी त्यांच्या घरी गेले. तो मुलगा आता माझ्या खांद्याच्या वर गेला आहे. त्यानेच दार उघडले. मी चहा येण्याआधीच सांगून टाकले, "मला ठाऊक होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाई, पडदा उघडायच्या आधी तुमच्या सशाची टोपी मीच नीट केली होती. कानामागचा फोड मी पाहिला होता. पण माझ्याही मुलीचं ते पहिलंच नाटक होतं. म्हटलं, पंधरा मिनिटांनी काय होतंय! मग महिनाभर माझा मला राग येत होता. तुम्ही 'हो' म्हणाल, तर मलाही माझं बोलता येईल, म्हणून तुम्हांला विचारलं होतं."

म्हणजे माझ्या 'नाही'ने फक्त माझीच वाट बंद केली नव्हती. एका खोट्याच्या दोन बाजूंना आम्ही दोघी इतकी वर्षे अंतर राखून उभ्या होतो; आणि या अंतराला ना कारण, ना मुदत, ना पलीकडे जाणारे कुणी.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण गेल्या दिवाळीत घडले तेही सांगते. कांजिण्यांचा विषाणू रोग बरा झाल्यावरही शरीरातून जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी निजून राहतो आणि वयाच्या उतारावर, शक्ती घटली की कधी कधी जागा होतो; त्यालाच आपण नागीण म्हणतो. इंग्लंडमधल्या होप-सिम्पसन नावाच्या एका साध्या गावडॉक्टराने आपल्या रोग्यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून १९६५ साली हा विचार पक्का मांडला. नागिणीच्या फोडांतल्या पाण्याने कांजिण्या न झालेल्याला कांजिण्या होऊ शकतात. तेव्हा मांडीवर डोके घेणाऱ्या आजीच्या अंगातही तोच रोग साठ वर्षे वस्तीला होता. शुद्ध कोण आणि अशुद्ध कोण, याची रेघ माणसामाणसांत ओढणारांनी एवढे ध्यानात घ्यावे.

तर गेल्या दिवाळीच्या तोंडावर सासूबाईंच्या कमरेला नागीण उठली. आणि भाऊबिजेला वन्सं येणार होत्या, त्यांची लेक आणि लेकीची तीन महिन्यांची मुलगी घेऊन. सासूबाईंची पहिली पणती! तिच्यासाठी त्यांनी जुन्या लुगड्याची दुपटी करून ठेवली होती. डॉक्टर म्हणाले, पुरळ झाकलेले ठेवा, औषध वेळेवर घ्या. पण खपल्या धरेपर्यंत तान्ह्याला जवळ घेऊ नका.

मी त्यांना हे कसे सांगावे, याच विचारात होते. त्यांनीच मला हाक मारली. "अगं, परसातली कडुलिंबाची एक डहाळी आण आणि माझ्या खोलीच्या दाराला लाव. म्हणजे कुणाला विचारायला नको, मला सांगायला नको."

मी डहाळी लावली. वन्सं आल्या, त्यांनी दार पाहिले, आणि सारे समजल्या. नात पणतीला घेऊन अंगणात उभी राहिली. सासूबाई खिडकीशी बसून तिला टाळ्या वाजवून दाखवीत राहिल्या. फराळाची ताटे त्यांच्या खोलीत गेली. मुलगा सगळ्या रात्री त्यांच्याशी पत्ते खेळला, कारण आता त्याला तो अधिकार होता.

दहाव्या दिवशी डॉक्टर पाहून गेले. सासूबाईंनी डहाळी स्वतः काढली. तोवर तिची पाने वाळून गेली होती. त्यांनी हात धुतले, पदर सावरला आणि दोन्ही हात पुढे केले. पणतीने मांडीवर जाताच पहिला हात घातला तो त्यांच्या चष्म्याला.